निवेदनापुढचे पाऊल : केमच्या कुंकवावर निबंध लिहायचा तर

आपल्या संघटनांच्या कपाटांत निवेदनांच्या प्रतींची कमतरता नाही. तहसीलदारांना दिलेले, पोलीस निरीक्षकांना दिलेले, जिल्हा परिषदेला दिलेले. बहुतेकांचा साचा एकच. सुरुवातीला स्त्रियांवरील वाढत्या अन्यायाचा उल्लेख, मधे चार-पाच मागण्या, शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती'. खाली सह्या आणि अंगठे. पलीकडचा अधिकारी पोच देतो, शिक्का मारतो आणि कागद फाइलीत जातो. आपणही पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

निवेदने देऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. मोर्चा, धरणे, निवेदन ही आपली हक्काची साधने आहेत. पण गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्तीला जे माहीत असते त्याच्या दहावा हिस्साही आपण कागदावर आणत नाही, आणि जे आणतो ते असे मांडतो की समोरच्याला 'तुमचे म्हणणे भावनिक आहे' असे म्हणून ते सहज बाजूला सारता येते. म्हणून प्रत्येक गटाने वर्षातून निदान एक निबंध लिहावा असे मला वाटते. त्यात एकच प्रश्न असावा, त्याची स्वतः केलेली पाहणी असावी, त्याची कारणे तपासलेली असावीत, आणि शेवटी उपाय इतके नेमके असावेत की ते कुणी करायचे हे विचारावे लागू नये.

'आम्ही काय प्राध्यापक आहोत?' असे लगेच विचारले जाईल. तर आधी हे पाहू की ही लेखनाची रीत कुणाची आहे.

ही रीत आपलीच आहे

पंडिता रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. त्याची रचना बघा. बालपण, वैवाहिक जीवन, धर्मातील आणि समाजातील स्थान, वैधव्य, या स्थितीचा समाजावर होणारा परिणाम, आणि शेवटच्या प्रकरणात आवाहन. धर्मग्रंथांतले आधार दिले आहेत, १८८१ च्या जनगणनेचे आकडे दिले आहेत, आणि मग विधवांना शिकवून स्वावलंबी करणारे घर हवे असा ठोस प्रस्ताव आहे. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षे मदतीची हमी घेतली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. प्रश्न, पुरावा, उपाय, पैसा, मुदत या सगळ्या गोष्टी तिथे होत्या.

अलीकडचे उदाहरण गर्भलिंगनिदानाचे. मुंबईत १९८० नंतरच्या वर्षांत गर्भजल तपासून मुलगी असल्यास गर्भपात करण्याचे प्रकार वाढले आहेत, हे चळवळीतल्या मैत्रिणी सांगत होत्या. 'असे फार थोडे डॉक्टर करतात' असे उत्तर मिळत होते. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. 'फार थोडे' हा शब्द त्यानंतर वापरता येईना. गर्भलिंगनिदानविरोधी मंचाच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय आहे. पण पन्नास जणांची पाहणी एखाद्या गटाच्या आवाक्यातली असते, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याचे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जातात ही कुजबुज कितीतरी वर्षे होती. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे जवळजवळ १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. शेजारी हा दुसरा आकडा ठेवला की पहिल्याचा अर्थ कळतो. नुसते 'तेरा हजार' म्हटले असते तर कुणीही विचारले असते, 'मग इतर ठिकाणी किती?'

केमचा प्रश्न कोणता?

आता एक गाव घेऊन निबंधाची आखणी करून बघू. करमाळा तालुक्यातले केम. दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या दरम्यानचे हे स्टेशन. केम म्हटले की सोलापूर जिल्ह्यात कुणीही म्हणेल, कुंकवाचे गाव. इथे तयार होणारे कुंकू देवस्थानांच्या बाजारांत आणि दूरवरच्या दुकानांत जाते. गावातल्या कितीतरी घरांचे पोट त्यावर आहे.

याच करमाळा तालुक्यातून विधवा प्रथाबंदीची मोहीम उभी राहिली. कोविडच्या काळात एका सहकाऱ्याच्या निधनानंतर त्याच्या पत्नीचे मंगळसूत्र, बांगड्या, कुंकू काढले जाताना पाहून महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केले की आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि १७ मे २०२२ रोजी राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले.

ज्या तालुक्यात कुंकू बनते त्याच तालुक्यातून कुंकू पुसण्याला विरोध झाला, हे वाक्य भाषणात टाळ्या घेईल. निबंधाचे काम मात्र त्याच्या पुढे सुरू होते, कारण इथे तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक, नवरा गेल्यावर बाईच्या अंगावरच्या खुणा काढल्या जातात आणि पुढे तिला मंगलकार्यातून वगळले जाते. दोन, कुंकवाच्या कामात असलेल्या बायकांना मजुरी काय मिळते. तीन, पूड आणि रंग यांचा कामकरणीच्या डोळ्यांवर, श्वासावर, कातडीवर काय परिणाम होतो.

तिन्ही प्रश्न खरे आहेत. पण तिन्ही एका निबंधात घातले की प्रत्येकाला दोन पाने येतात आणि एकाचाही पुरावा पुरा होत नाही. आपल्या लेखनातला हा नेहमीचा दोष आहे. पितृसत्ता, जात, भांडवलशाही सगळे एकमेकांशी जोडलेले आहे म्हणून आपण सगळेच एका दमात सांगू पाहतो. जोडलेले आहे हे मान्य करूनही कुठून हात घालायचा ते ठरवावे लागते. मी पहिला प्रश्न घेते आणि त्याला एका वाक्यात बसवते : 'केम गावात १७ मे २०२२ नंतर ज्या स्त्रियांचे पती वारले, त्यांच्याबाबतीत विधवा प्रथा पाळल्या गेल्या का, कुणी पाळायला लावल्या, आणि त्या थांबवायला कोणती गोष्ट उपयोगी पडली असती?'

यात गाव ठरले, काळ ठरला, कुणाला विचारायचे ते ठरले. 'ग्रामीण भागातील विधवांच्या समस्या' या शीर्षकाने हे तिन्ही मोकळे सोडले असते.

कागद आणि माणसे

आधी कागद. ग्रामसभेने ठराव केला का, कधी केला, त्याचे शब्द काय, हे इतिवृत्तात असते. न दाखवल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे : दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ठरावाचे शब्द महत्त्वाचे असतात. 'प्रथा बंद करण्याचे आवाहन करण्यात येते' एवढेच असेल तर कुणावर काहीच जबाबदारी पडत नाही. कुटुंबांची संख्या ठरवायला ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद उपयोगी पडते. यामुळे ओळखीच्या चार घरांतच जाऊन आल्याचा आरोप होत नाही. मळ्यात, वस्तीवर, गावकुसाबाहेरच्या आळीत राहणारे घर आपोआप यादीत येते.

मग माणसे. आपल्या प्रश्नावल्यांतला हमखास चुकणारा प्रश्न म्हणजे, 'तुमच्यावर विधवा प्रथांची सक्ती झाली का?' याला 'नाही बाई, रीतच आहे' हे उत्तर येणार आणि आपण 'नाही'च्या रकान्यात खूण करणार. त्याऐवजी घडलेले विचारावे. 'मावशी, मालक गेले त्या दिवशी बांगड्या कुणी काढल्या? तेव्हा तुम्ही काही बोललात का? कुणी नको म्हणालं का? तेराव्यानंतर पहिल्यांदा लग्नाला कधी गेलात? तिथं ओटी भरताना तुम्ही कुठं बसला होता?' सक्ती झाली की नाही हे उत्तरांवरून वाचणाऱ्याला कळेल.

स्त्रिया तक्रार करत नाहीत याचा अर्थ त्रास नाही असा होत नाही, हे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून दाखवले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली तर ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. तक्रार मात्र ५५ टक्के जणींचीच होती. नुसते विचारून थांबले असते तर उरलेल्या जणी 'निरोगी' म्हणून मोजल्या गेल्या असत्या. शरीराच्या दुखण्याचे जे झाले तेच अपमानाचे होते. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेल्या गोष्टीला बाई दुखणे म्हणत नाही.

विचारताना काही पथ्ये हवीत. सासू-दीर समोर असताना मुलाखत घेऊ नये. नाव लिहू नये, आणि नाव न लिहिताही ओळख पटेल असा तपशील छापू नये. 'दोन मुली असलेली, पती एसटीत असलेली' एवढ्यावर गावात बाई ओळखू येते. बाईने मधेच 'हे लिहू नका' म्हटले तर वही मिटावी. जात मात्र विचारावी आणि लिहावी. आपल्याकडे अनेक जातींत पाट लावण्याची रीत पूर्वापार होती आणि काही जातींत विधवेचे केशवपन होत होते. 'विधवा' हा शब्द एक असला तरी त्यामागचे जगणे कधीच एक नव्हते. तो फरक पुसून लिहिलेला निबंध पुन्हा एकदा उच्चवर्णीय विधवेचीच कहाणी सर्वांच्या नावावर खपवेल.

परके पुरावे आणताना जपून आणावेत. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली न्यू जर्सीतून आणि भारतातून घेतलेल्या सिंदूराच्या ११८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली, आणि त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत शिसे तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ही बातमी वाचून 'केमच्या कुंकवात शिसे' असे लिहायचा मोह होईल. पण सिंदूर आणि कुंकू एक नव्हेत. हळदीला चुन्यासारख्या क्षाराने लाल करून होणारे कुंकू वेगळे, रंग घालून होणारे वेगळे. केमचे नमुने तपासल्याशिवाय केमबद्दल हे वाक्य लिहिता येणार नाही. लिहिले तर कारखानदार एका प्रयोगशाळेच्या दाखल्याने आपला सगळा निबंध खोटा ठरवेल आणि फटका मजूर बायकांच्या रोजगाराला बसेल.

कारण शोधताना

'अज्ञान आणि अंधश्रद्धा' हे कारण लिहून आपण मोकळे होतो. ते लिहायला सोपे, पण त्यातून उपाय निघतो तो फक्त प्रबोधनाचा. जरा खोलात जाऊन बघावे. बांगड्या फोडणारे हात पुष्कळदा बायकांचेच असतात, त्यातही आधी विधवा झालेल्या बायकांचे. का? 'आमचं काढलं, मग हिचं का नाही?' हा एक भाग. 'कुंकू ठेवलं तर गाव नावं ठेवील, माहेरच्यांची मान खाली जाईल' हा दुसरा. आणि तिसरा, ज्याबद्दल बोलले जात नाही तो जमिनीचा. नवऱ्याच्या पश्चात वारसनोंदीत बायकोचे नाव लागायला हवे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती पहिल्या वर्गाची वारस आहे. पण जिला घरात आणि गावात अपशकुनी ठरवून कोपऱ्यात बसवले, ती फेरफारावर हरकत घ्यायला पुढे येईल का? प्रथा आणि मिळकत यांचा असा संबंध केममध्ये आहे की नाही, हे पाहणीत प्रत्येक घरी वारसनोंदीचा एक प्रश्न घातला की दिसेल. संबंध नाही असे निघाले तर तेही लिहायचे. जे आपल्या मांडणीला सोयीचे नाही ते लपवले तर तो अहवाल राहत नाही.

मजुरीच्या प्रश्नावर दुसरा गट निबंध घेणार असेल तर तिथेही हीच शिस्त. 'मजुरी फार कमी' असे लिहू नये, हिशेब मांडावा. समजा पाकिटे भरायचा दर शेकडा वीस रुपये आणि एक बाई तासाला साठ पाकिटे भरते. म्हणजे तासाला बारा रुपये, आठ तासांचे शहाण्णव. हा दर केवळ नमुन्यादाखल धरला आहे. खरा दर कामकरणींना विचारून, पाकिटे मोजून, घड्याळ लावून काढायचा, माल आणण्या-पोचवण्याचा वेळही धरायचा, आणि शेजारी शासनाने ठरवलेले किमान वेतन ठेवायचे. दोन आकडे शेजारी बसले की विशेषणांची गरज उरत नाही.

उपाय म्हणजे इच्छा नव्हे

आपल्या निबंधांचा सगळ्यात कच्चा भाग शेवटचा असतो. 'समाजाने मानसिकता बदलावी', 'शासनाने लक्ष घालावे', 'जनजागृती व्हावी'. प्रत्येक उपायाला चार प्रश्न विचारावेत. हे कोण करील? कोणत्या अधिकाराने करील? खर्च किती आणि कुठून? आणि वर्षानंतर झाले की नाही हे कशावरून कळेल?

या चाळणीतून काही उपाय घालून बघू. ग्रामसभेचा ठराव : करणारा ठरला, अधिकार आहे, खर्च नाही. पण चौथ्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ठरावानंतर मोजणीच कुणी करत नाही. म्हणून मागणी अशी हवी की दर वर्षीच्या एका ग्रामसभेत, गेल्या वर्षी पती वारलेल्या किती कुटुंबांनी प्रथा टाळली, हे नावे न घेता वाचून दाखवावे. मृत्यूचा दाखला देतानाच वारसनोंद आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज यांची माहिती ग्रामपंचायतीने बाईच्या हाती द्यावी, हा दुसरा उपाय. यात चारही प्रश्नांना उत्तर आहे, कारण किती अर्ज गेले ते मोजता येते. जिवंतपणीच नवऱ्याने प्रतिज्ञापत्र करायचे, हा झिंजाडे यांनी दाखवलेला मार्ग तिसरा. तो स्वस्त आहे आणि त्या दिवशी नातलगांसमोर ठेवायला हातात कागद असतो. पण बायकोच्या कपाळाचा निर्णय पुन्हा नवऱ्याच्या सहीवर ठरतो, ही त्याची मर्यादाही लिहायला हवी. कायद्याची मागणी हा चौथा. त्याला माझा पाठिंबा आहे. मात्र दुखवट्याच्या दिवशी स्वतःच्या सासरच्यांवर फिर्याद द्यायला किती जणी जातील, याचा विचार न करता कायदा हा एकमेव उपाय म्हणून मांडू नये.

विधवांचे हळदीकुंकू हा आपल्या गटांचा आवडता कार्यक्रम. त्यावर चळवळीत जुना वाद आहे. काही मैत्रिणी म्हणतात, कुंकू हीच मुळी नवऱ्याच्या मालकीची खूण, ती विधवेला परत देऊन आपण काय मिळवले? दुसऱ्या म्हणतात, जिला तीस वर्षे दारात उभे केले नाही तिला वाण मिळाले तेव्हाचा तिचा चेहरा बघा, मग बोला. मला दोन्ही बाजूंतले तथ्य दिसते, पण निबंधाला भूमिका लागते. माझी भूमिका अशी की प्रत्येकीच्या कपाळावर कुंकू असावे ही आपली मागणी नाही. लावायचे की नाही हे सवाष्णीने, विधवेने, परित्यक्तेने, कुमारिकेने स्वतः ठरवावे, आणि त्या ठरवण्यावरून तिचे मंगलकार्यातले, घरातले, मिळकतीतले स्थान ठरू नये. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात कुंकवाबरोबर वारसनोंदीचा अर्जही वाटला गेला तर त्याचे मी स्वागत करीन.

विरोधी बाजूही मांडावी लागेल, तिच्याच शब्दांत. 'कुंकवाविरुद्ध बोलणे म्हणजे गावाच्या पोटावर पाय' असे केममध्ये कुणीतरी म्हणेलच. याला रागाने नव्हे, हिशेबाने उत्तर द्यावे. कुंकू पुसायला लावणाऱ्या प्रथेने गिऱ्हाईक कमी होते, वाढत नाही. आणि कामकरणीला रास्त मजुरी मागणे म्हणजे धंद्याला विरोध नव्हे.

शेवटी कुणाला वाचून दाखवायचे

निबंध पुरा झाला की तो पहिल्यांदा तहसीलदारांकडे जाऊ नये. ज्यांनी उत्तरे दिली त्या बायकांसमोर तो वाचावा, त्यांच्या बोलीत समजावून सांगावा. 'हे असं नाही, असं होतं' म्हणायची संधी त्यांना मिळाली पाहिजे. एखादा आकडा दुरुस्त होईल, एखादा उपाय हसण्यावारी जाईल. 'ग्रामसभेत बायका बोलत्यात व्हय?' असे कुणी विचारले तर ग्रामसभेवर टाकलेला सगळा भरवसा तपासावा लागेल. त्यानंतर पंधरा-वीस पानांचा मजकूर, पहिल्या पानावर सारांश, शेवटच्या पानावर उपायांचा तक्ता, असे करून तो ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला, महिला व बालविकास कार्यालयाला द्यावा. पोच घ्यावी आणि सहा महिन्यांनी तोच तक्ता घेऊन परत जावे.

हेरवाडच्या ठरावाला आणि शासनाच्या परिपत्रकाला २०२२ पासून काही वर्षे उलटली. गावोगाव ठराव झाले, फोटो छापून आले. त्यानंतर ज्या बायकांचे नवरे वारले त्यांच्या घरात त्या दिवशी काय घडले, याचा हिशेब आपल्याइतका दुसरा कुणी मांडू शकणार नाही, कारण त्या दारातून आत जायला वाट आपल्याला मिळते. गटागटाने एकेक गाव वाटून घ्यावे. एक वही, मृत्यूनोंदीची यादी आणि दहा रुपयांचा अर्ज एवढ्यावर सुरुवात होते.